मांडी घातली की पाय बधिर होतात, ध्यान कसं करू?

प्रश्न : मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मशीन शॉपला आहे. वय ३८. आठ तास उभ्याने काम, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. झोप नीट लागत नाही म्हणून सहा महिन्यांपासून ध्यानाला बसतो. पण मांडी घातली की दहा मिनिटांत डावा पाय बधिर होतो, कंबर भरून येते. डोळे मिटले की डोक्यात मशीनच घुमत राहतं. सासरे म्हणतात, मांडी मोडली की ध्यान मोडलं. खुर्चीवर बसलं तर ते ध्यान होत नाही का? आणि मन नेमकं ठेवायचं तरी कशावर?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : आधी खुर्चीचं सांगतो, कारण तुमचं अर्धं ओझं तिथेच आहे. खुर्चीवर ध्यान होतं. पतंजलींनी योगसूत्रांत आसनाबद्दल अगदी थोडक्यात सांगितलं आहे. ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं, एवढ्या दोनच अटी. पायाची घडी कशी घालायची, याचा तिथे उल्लेखही नाही. लगेच पुढच्या सूत्रात ते म्हणतात की आसन साधतं ते प्रयत्न सैल केल्याने. या सूत्रांवरच्या जुन्या व्यासभाष्यात आसनांची नावं येतात. त्यात पद्मासन आहे, स्वस्तिक आहे आणि ‘सोपाश्रय’ही आहे. सोपाश्रय म्हणजे टेकू घेऊन बसणं. सासऱ्यांना हे जरूर सांगा. त्यांचा आग्रह चांगल्या मनाचा आहे, पण परंपरा त्याहून मोठ्या मनाची आहे.

तरीही तुम्हाला मांडीच हवी असेल, तर ती का जमत नाही ते पाहू. जॉब फिक्स्चरमध्ये बसवताना तुम्ही पहिला आधार तीन बिंदूंवर घेता. तीन बिंदूंवर टेकलेली वस्तू डुगडुगत नाही. चौथा आधार आला की नेमका एक अधांतरी राहतो. मांडीचंही गणित तेच आहे. बूड आणि दोन गुडघे, असे तीन टेकू. तुमचे गुडघे बहुधा जमिनीपासून वीतभर वर राहत असतील. म्हणजे तीनपैकी दोन टेकू नाहीतच. सगळा भार बुडावर येतो, कटी मागे कलंडते, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि तुम्हाला पडू न देण्याचं काम कंबरेचे स्नायू करत राहतात. दहा मिनिटांत ते थकणारच.

गुडघे वर राहतात याचं कारण गुडघ्यात नाही, खुब्यात आहे. सेफ्टी शूज घालून आठ तास काँक्रीटवर उभं राहायचं, मग बसच्या सीटवर, मग घरी सोफ्यावर. मांडी बाहेरच्या बाजूला वळवण्याचं काम खुब्याला दिवसभरात एकदाही पडत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीचं जेवण, निवडणं-टिपणं, भजन सगळं जमिनीवरच चालायचं, म्हणून त्यांना मांडी वेगळी शिकावी लागली नाही. तुमचा खुबा सवयीने आखडला आहे आणि तो मोकळा व्हायला महिने लागतील. तोवर जोर लावून गुडघा खाली दाबू नका. खुबा वळला नाही तर ते वळण गुडघ्यावर येतं, आणि गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा असतो, त्याला पीळ सोसत नाही. मी स्वतः पहिल्या शिबिरात हट्टाने अर्धपद्मासन घालून बसलो होतो. डावा गुडघा पुढे महिनाभर आतल्या बाजूने दुखत होता. आतल्या बाजूची ती कळ आली की बैठक त्याच क्षणी मोडायची. इथे सहनशक्ती दाखवायची नसते.

उपाय घरातच आहे. जाडसर गोधडीच्या घड्या घाला, चार ते सहा इंच उंची झाली पाहिजे. तिच्या मधोमध नाही, पुढच्या कडेवर बसा. बूड उंच झालं की कटी आपोआप किंचित पुढे झुकते, गुडघे खाली येतात आणि कणा स्वतःहून उभा राहतो. एक गुडघा तरीही लोंबकळत असेल तर मशीन लेव्हल करताना देता तसं त्याच्याखाली पॅकिंग द्या, घडी घातलेला टॉवेल पुरतो. यात कमीपणा काहीच नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन फार उंच नको, फार सखल नको असं सांगताना दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र असे थर सांगितलेच आहेत. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी लोड, घोंगड्या, पट्टे, खुर्च्या वापरून आसनं शिकवली ती याच विचाराने, की टेकू शरीराकडे जावा, शरीराची ओढाताण होऊ नये.

पाय बधिर होतो तो बहुतेक वेळा नस दबल्यामुळे. एका पायाची टाच दुसऱ्या मांडीखाली रुतते, किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे नस हाडावरून अगदी वरवर जाते, तिथे दाब येतो. म्हणून पाय एकमेकांवर चढवूच नका. एक टाच जवळ घ्या, दुसरा पाय तिच्यापुढे जमिनीवर ठेवा, दोन्ही नडग्या जमिनीला टेकू द्या. पुढचा पाय रोज बदला. मुंग्या आल्या तर झटकन उठू नका, पाय लांब करून मिनिटभर थांबा. बधिरपणा बराच वेळ टिकत असेल, पाऊल उचलायला जड जात असेल किंवा कळ कंबरेतून पायात उतरत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

‘ताठ बसा’ हे वाक्य मला फारसं आवडत नाही. पातळ जॉब गरजेपेक्षा जास्त आवळला तर तो क्लॅम्पमध्ये वाकतो आणि सोडल्यावर माप बदललेलं निघतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. छाती फुगवून, खांदे मागे खेचून बसलेला माणूस तसाच असतो. टाळू वर, हनुवटी किंचित आत, जीभ आणि जबडा सैल, एवढं पुरे.

खुर्ची निवडलीत तर पाठ न टेकता पुढच्या अर्ध्या भागात बसा. दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकलेले हवेत, खुबे गुडघ्यांपेक्षा जरा वर. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक मागे उतरती असते, तिथे टॉवेलची घडी ठेवून ती सपाट करा.

आता मन. आळंदीजवळ मरकळला विपश्यनेचं ‘धम्मानंद’ केंद्र आहे, तुम्हाला भोसरीहून फार लांब नाही. तिथल्या दहा दिवसांच्या मौन शिबिरात पहिले तीन दिवस दुसरं काही करायचं नसतं. नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहायचा. ठरावीक बैठकांत तासभर आसन न बदलण्याचा नियमही तिथे आहे, पण तो चौथ्या दिवसापासून लागू होतो. तीन-तीन दिवस सरावलेल्यांना जे तेव्हा सांगतात, ते आपण घरी पहिल्याच दिवशी स्वतःवर लादतो. तुम्ही १२ मिनिटांनी सुरू करा. श्वास लांब करू नका, मोजू नका. हवा आत जाताना थोडी गार लागते, बाहेर येताना कोमट. तो फरक टिपत राहा. मन पळेल. पळाल्याचं लक्षात येणं हाच अभ्यास, तेव्हा चडफडू नका, परत श्वासावर या. श्वासाने गुदमरल्यासारखं होत असेल तर तो सोडा आणि नाम घ्या. देहू आणि आळंदीच्या मधोमध राहणाऱ्या माणसाला नाम कुठून आणायचं ते मी काय सांगावं.

मशीनचा आवाज घुमतो त्याच्याशी भांडू नका. आठवणीतला आवाज असेल तर तो आला, राहिला, विरला, एवढं पाहा, काही आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो. पण शिफ्ट संपल्यावर कानात सतत शिटी वाजत असेल तर तो ध्यानाचा विषय नाही, कानाचा आहे. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. इअरप्लग रोज घाला आणि कंपनीच्या वैद्यकीय तपासणीत कानाची चाचणी मागून घ्या.

वेळेचंही तुमचं वेगळं आहे. ‘ब्राह्ममुहूर्तावर बसा’ हे नाईट करून परतलेल्या माणसाला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. त्याने आधी झोपावं. तुम्ही घड्याळाची वेळ सोडा आणि ‘आंघोळीनंतर, ड्यूटीला निघण्याआधी’ असा क्रम धरा, शिफ्ट कोणतीही असो. ड्यूटीहून आल्या आल्या बसू नका. पाच मिनिटं जमिनीवर उताणं पडून पाय भिंतीला लावून वर ठेवा. दिवसभर पोटऱ्यांत साचलेलं रक्त उतरतं, कंबर सैल होते. तळेगाव चौकात बस अडकली की तीही बैठकच समजा. तळपाय टेकलेले, हात मांडीवर, डोळे मिटलेले.

एका गुरुवारच्या सुट्टीला सासऱ्यांना घेऊन भामचंद्र डोंगरावर जा. तुमच्या औद्योगिक वसाहतीला लागूनच, शिंदे-वासुलीजवळ तो आहे. तुकोबा तिथे एकांतात बसले आणि पंधरा दिवसांत त्यांना साक्षात्कार झाला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्या दिवसांत साप-विंचू, वाघ अंगाला झोंबल्याचंही परंपरा सांगते. म्हणजे विघ्नं त्यांनाही चुकली नव्हती. वर गुहेत दोघांनी १२ मिनिटं बसा, त्यांनी त्यांच्या मांडीने, तुम्ही तुमच्या. गोधडी मात्र बरोबर न्या, कातळ गार असतो.