चढाची सायकल आणि गावचा दुकानदार

सायकल आपल्याला नवी नाही. दूध घालायला, शाळेत जायला, बाजारहाट करायला आपण ती पिढ्यान् पिढ्या वापरत आलो आहोत. पण डोंगरातल्या गावाला ती पुरी पडत नाही. उतारावर सायकल माणसाला नेते. चढावर माणूसच सायकलीला नेतो!

या अडचणीवर आता एक उपाय निघाला आहे. तो म्हणजे विजेवर चालणारी डोंगरी सायकल. शहरात तिला इलेक्ट्रिक माउंटन बाईक म्हणतात. ती पारखावी कशी? आणि घ्यावी कोणाकडून? या धड्यात आपण तेच शिकू या.

ही सायकल असते कशी?

१९७० नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातले काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगर उतरू लागले. त्या सायकली वाटेतच मोडत. मग त्यांनी खटपट करून सांगाडा मजबूत केला. गिअर बसवले, ब्रेक सुधारले. अशी माउंटन बाईक तयार झाली. तिचा जन्म मोठ्या कारखान्यात नव्हे, लहान दुकानांत झाला.

तिलाच आता मोटर आणि बॅटरी जोडतात. आपण पायडल मारले की मोटर जोर देते. मोटर दोन ठिकाणी असू शकते. एक चाकाच्या मधोमध, दुसरी पायडलापाशी. चाकातली मोटर साधी व स्वस्त असते. पायडलापाशी असलेली मोटर चढाला चांगली. पण तिचा सगळा जोर चेनवर येतो. म्हणून चेन आणि दातेरी चक्रे लवकर झिजतात.

बॅटरीचा हिशेब

बॅटरीवर दोन आकडे लिहिलेले असतात. समजा, ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास असे आहेत. त्यांचा गुणाकार करा. ३६ गुणिले १० म्हणजे ३६० वॉट-तास. हा झाला बॅटरीतला साठा. १० वॉटचा दिवा एवढ्या साठ्यावर ३६ तास जळेल.

१,००० वॉट-तास म्हणजे विजेचे एक युनिट. तेव्हा ही बॅटरी भरायला अर्धे युनिटसुद्धा लागत नाही. विजेचा खर्च अगदी थोडा. खरा खर्च पुढे आहे. बॅटरी काही वर्षांनी म्हातारी होते. नवी घ्यायची तर सायकलीच्या किमतीचा मोठा हिस्सा पुन्हा मोजावा लागतो.

आता चढाचा हिशेब पाहू. सातारा जिल्ह्यात वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट लागतो. अंतर सुमारे १२ किलोमीटर. उंची साडेपाचशे मीटरहून अधिक वाढते. माणूस आणि सायकल मिळून १०० किलो वजन धरा. नुसती ही उंची चढायलाच सुमारे १५० वॉट-तास लागतात. वाटेत रस्ता, वारा आणि मोटर आपापला वाटा घेतातच. पाय नुसते फिरवले, जोर लावला नाही, तर अर्ध्याहून जास्त बॅटरी एका चढात संपेल. पायांनी जोर दिला, तर पुष्कळ वाचेल. म्हणून कागदावर किती किलोमीटर छापले आहे ते पाहून भुलू नये. तो आकडा बहुधा सपाट रस्त्याचा असतो. आपला रस्ता सपाट आहे का?

कायदा काय सांगतो?

मोटर २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची असावी. ताशी २५ किलोमीटर वेग झाला की मोटरची मदत थांबावी. पायडल मारणे थांबले तरी ती थांबावी. बॅटरी सोडून सायकलीचे वजन ६० किलोपेक्षा जास्त नसावे. सरकारमान्य संस्थेने हे तपासून दाखला दिलेला असावा. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था आहे. हे सारे असले, तर ती सायकल मोटारगाडी धरली जात नाही. तिला नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही.

“वेगाची मर्यादा काढून देतो, सुसाट पळेल,” असे कोणी म्हणाले तर त्याला हात जोडा. मर्यादा काढली की ती सायकल कायद्याने मोटारगाडी ठरते. मग नोंदणी नाही, विमा नाही. अपघात झाला तर सगळे आपल्या गळ्यात येते.

घ्यावी कोणाकडून?

समजा, डोंगरगावचा एक दूधवाला तालुक्याच्या सायकल दुकानात गेला. त्यांचे बोलणे आपण ऐकू या.

“काका, तुमच्याकडे ही सायकल चार हजारांनी महाग कशी? मोबाईलवर स्वस्त दिसतेय की!”

“दादा, दिसतेय खरी. पण ती खोक्यातून येणार. हँडल, पुढचं चाक, पायडल, सगळं तुम्हीच बसवायचं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, माहीत आहे?”

“नाही बुवा.”

“जोर करून उजव्यासारखं फिरवलं की आटे गेले. ब्रेकही तुम्हीच लावणार. मग घाट उतरायचा कोणाच्या भरवशावर?”

“बरं, मोटर बिघडली तर तुम्ही दुरुस्त कराल?”

“मोटर नि बॅटरी मी उघडत नाही. खोटं कशाला सांगू? ती कंपनीकडे जाते. पण बिघाड मोटरचा आहे की नुसती वायर सुटली आहे, ते मी पाहीन. कंपनीकडे पाठवीन, मागे लागेन. बाकी पंक्चर, ब्रेक, गिअर, चेन, तारा, हे सगळं इथंच होईल.”

हा दुकानदार चांगला, असे आम्ही म्हणतो. काय येते ते त्याने सांगितले. काय येत नाही तेही सांगितले. चार हजारांत काय मिळते ते आता दूधवाल्याला कळले.

बाहेरून मागवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. काही वेळा जवळ दुकानच नसते. पण मागवण्याआधी जवळच्या कारागिराला विचारा, “ही आणली तर तुम्ही हात लावाल का?” तो नाही म्हणाला, तर ती स्वस्त सायकल महागात पडेल. जवळचा दुकानदार अडवून जास्त पैसे मागत असेल, तर दुसऱ्या दुकानातही चौकशी करावी. जवळचा आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नये.

दुकानात हे पाहावे

१. ब्रेक. ही सायकल जड असते. साधी सायकल उतारावर रोखणे वेगळे, हिला रोखणे वेगळे. चकतीचे ब्रेक असावेत. केबलवर चालणारे ब्रेक गावातही ताणून घेता येतात. तेलावर चालणारे अधिक जोरदार, पण त्यांची दुरुस्ती सगळ्यांना जमत नाही.

२. ट्यूब-टायर. हे माप आपल्या बाजारात मिळते का, ते विचारावे. चाकात मोटर असेल, तर पंक्चर काढताना वायर कशी सोडायची, ते समोर दाखवून घ्यावे.

३. मागचा गिअर. तो एका लहान तुकड्यावर टांगलेला असतो. सायकल पडली की तो तुकडा वाकतो. दर सायकलीचा तुकडा वेगळा असतो. एक जादा घेऊन ठेवावा.

४. उंची. सायकल आपल्या अंगाच्या मापाची असावी. चालवून पाहावी, चढावर चालवून पाहावी.

५. पावती. पक्की पावती आणि हमीचा कागद घ्यावा. दुकानाचा शिक्का आणि तारीख पाहावी. बॅटरीवरचा नंबर पावतीवर लिहून घ्यावा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. पण हातात पावती हवी.

बॅटरी जपावी

सायकलीबरोबर आलेल्या चार्जरनेच बॅटरी भरावी. उन्हातून आल्या आल्या भरू नये, थोडी निवू द्यावी. रात्री सगळे झोपले असताना भरत ठेवू नये. गवत, कडबा, रॉकेल यांच्याजवळ ठेवू नये. बॅटरी फुगली, तापली, वास आला, तर तिला वापरातून काढावे आणि दुकानदाराला कळवावे. ती कधीही फोडू नये. आग लागण्याचे भय असते. निकामी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये. बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. ती कुठे द्यायची, ते दुकानदाराला विचारावे.

शेवटची गोष्ट

अशा सायकलीत वर्षाची शिल्लक जाते. म्हणून एकट्याने घाई करू नये. गावातल्या सायकल मार्टवाल्याला बरोबर न्यावे. त्याला या सायकलीचे काम येत नसेल, तर शिकायला सांगावे. चार घरांनी एकाच जातीची सायकल घेतली, तर त्यालाही सुटे भाग आणून ठेवणे परवडेल. त्याचा धंदा चालेल आणि आपली सायकल चालेल.

वर्गात बोलण्यासाठी

१. ४८ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास अशी बॅटरी आहे. तिच्यात किती वॉट-तास साठा मावेल?

२. आपल्या गावापासून सर्वांत जवळचे सायकल दुकान किती दूर आहे? तिथे विजेची सायकल दुरुस्त होते का? चौकशी करून येऊन सांगा.