'शटल' : एका शब्दाची कुळकथा

अर्थविस्ताराची पाठ्यपुस्तकातील उदाहरणे बहुधा संस्कृतातून आलेली असतात. प्रस्तुत लेखासाठी मी मुद्दाम एक इंग्रजी शब्द घेतला आहे, कारण तो आपल्या उपनगरांत इंग्रजी न शिकलेल्यांच्याही तोंडी आहे. दिवा-वसई मार्गावरच्या गाडीला लोक 'शटल' म्हणतात. शिलाईचे मशीन दुरुस्त करणारा कारागीर "शटल खराब झालंय" असे आईला सांगतो. बॅडमिंटनचे पिसांचे फूल, तेही शटलच. आता या तिघांचे नाते काय ?

नाते मागावर सापडते. मागावरील उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवा धागा म्हणजे बाणा. हा बाणा ताण्यातून नेणारे, होडीच्या आकाराचे लाकडी साधन म्हणजे शटल, मराठीत धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. तो या काठावरून त्या काठाला जातो आणि लगेच परततो. दोन ठरावीक टोकांमध्ये ये-जा करणे हा गुण तेवढा उचलून इंग्रजांनी तो शब्द फुलाला दिला, गाडीला दिला, आणि 12 एप्रिल 1981 रोजी प्रथम उडालेल्या, अवकाशात जाऊन परतणाऱ्या अमेरिकन यानालाही दिला. फ्रेंच लोक धोट्याला 'नावेत' म्हणतात. हा शब्द लॅटिनमधील जहाजवाचक शब्दापासून आला असून आपला संस्कृत 'नौ' त्याच कुळातला आहे. मौज अशी की, फ्रेंचमध्येही ये-जा करणाऱ्या बसला हेच नाव मिळाले.

परंतु इंग्रजी शब्दाचे मूळ होडीत नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ बाण किंवा फेकून मारायचे अस्त्र असा होता. 'शूट' हे क्रियापद त्याचे भावंड होय. विणकरासारख्या शांत माणसाच्या हातात हे अस्त्र कसे आले, हे कोड्यात टाकणारे आहे. हातमागावर धोटा हाताने फेकीत, हे त्याचे सरळ उत्तर. 1733 साली जॉन के या इंग्रज कारागिराने दोरी ओढून धोटा उडवण्याची युक्ती काढली, आणि रुंद कापडाला दोन विणकर लागत तेथे एक पुरू लागला. पुढे यंत्रमागावर हा वेग कितीतरी वाढला.

त्या वेगाचा अर्थ कोशात मिळत नाही. तो माझ्या आजोबांच्या डाव्या भुवईवर आहे. ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. एकदा साच्यातून धोटा सुटला आणि कपाळावर बसला. चार टाके पडले. "बाय, सुटलेला धोटा कोणाचा नसतो," एवढेच ते म्हणतात. कोशकाराने जुन्या इंग्रजीत शोधलेला अर्थ आजोबांना शाळेची चौथी इयत्ता न ओलांडता ठाऊक होता, असे मला वाटते.

धोट्याचे दुसरे दुखणे परदेशातले. लँकेशायरच्या गिरण्यांत विणकर नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घेत. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे, म्हणून रोगाची भीती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 साली या पद्धतीवर कायद्याने बंदी आणली. इंग्रजीत तिला 'धोट्याचे चुंबन' अशा अर्थाचे नाव आहे. नाव ठेवणारा स्वतः साच्यावर उभा राहिला असेल काय, याची शंका येते !

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. आजोबा पुन्हा साच्यावर गेले नाहीत. आता मोठ्या कारखान्यांतील नव्या मागांवर धोटाच नसतो. बाणा हवेच्या किंवा पाण्याच्या झोताने नेतात. एका प्रकारात मात्र धातूचा छोटा तुकडा सूत पकडून ताण्यातून झेपावतो. त्याचे नाव 'प्रोजेक्टाइल', म्हणजे फिरून अस्त्रच ! हे मी आजोबांना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "मग त्याला परत कोण आणतो ?" तो ताण्यातून परतत नाही, खालून एक साखळी त्याला मूळ जागी नेते, असे मी सांगितले. "मग तो धोटा नव्हे," आजोबा म्हणाले.