विहिरीची साक्ष आणि बाभळीचे दरवाजे

वाचन : उत्पत्ती 21:22-32



राजा अबीमलेखाच्या चाकरांनी अब्राहामाची विहीर बळकावली होती. अब्राहामाने त्याबद्दल समोरासमोर तक्रार केली, तेव्हा राजा म्हणाला की मला हे ठाऊक नव्हते, तूही सांगितले नाहीस, आजच ऐकतो आहे. तो खरे बोलत होता का? पवित्र शास्त्र ते सांगत नाही. अब्राहामानेही त्याचे मन तपासले नाही. त्याने कोकरांच्या सात माद्या राजाच्या डोळ्यांदेखत वेगळ्या काढल्या आणि विहीर आपण खणल्याची ती साक्ष ठरवली. मग दोघांनी शपथ घेतली.

पाण्यावरून असाच तंटा आपल्या नांदेड जिल्ह्यात दोन राज्यांमध्ये झाला. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधारा महाराष्ट्राच्या हद्दीत, पण खालच्या पोचमपाड (श्रीरामसागर) धरणाचे पाणी फुगून जिथवर येते त्या पात्रात आहे. बंधाऱ्याची क्षमता 2.74 टीएमसी. आमच्या धरणातले पाणी महाराष्ट्र ओढून घेईल, अशी आंध्र प्रदेशाची शंका होती. सामाईक पाणी फक्त 0.6 टीएमसी आहे, असे महाराष्ट्राचे म्हणणे. 2006 साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै 2010 मध्ये चंद्राबाबू नायडू आमदारांसह बंधारा पाहायला निघाले, तेव्हा त्यांना अटक करून धर्माबादला ठेवण्यात आले. त्यात राजकारण होतेच. तरीही पाहायला येणाऱ्याला अडवले की आत काही लपवले आहे असेच त्याला वाटणार.

28 फेब्रुवारी 2013 च्या निकालाने बंधारा राहिला. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे वर ठेवायचे आणि 1 मार्चपर्यंत 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचे, असे ठरले. देखरेखीसाठी केंद्रीय जल आयोगाचा एक आणि दोन्ही राज्यांचा एकेक प्रतिनिधी अशी समिती नेमली. 2014 नंतर आंध्रच्या जागी तेलंगण आले. आता चौदा दरवाजे दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांसमक्ष उघडतात. पाणी किती, हे दोघेही एकाच वेळी पाहतात.

जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने 1795 साली शाश्वत शांतीवरील निबंधात पहिलीच अट घातली की, पुढच्या युद्धाचे कारण मनात राखून केलेला तह हा तहच नव्हे. पोप जॉन तेविसावे यांनी 1963 च्या ‘पाचेम इन तेरिस’ या परिपत्रकात राष्ट्रांमधील संबंधांना सत्याचा पाया सांगितला आणि खरी शांती शस्त्रांच्या समतोलावर नव्हे, तर परस्पर विश्वासावर उभी राहते असे शिकवले. हा विश्वास शेजाऱ्याच्या चांगुलपणाची वाट पाहत थांबत नाही. तो मोजता येणाऱ्या, दाखवता येणाऱ्या गोष्टींतून हळूहळू तयार होतो. अबीमलेखाला सात माद्या मोजता आल्या, तसे.

अर्थात, उघडपणाने सगळे सुटत नाही. पावसाने ओढ दिली असतानाही 1 जुलैला दरवाजे उघडतात आणि साठलेले पाणी डोळ्यांदेखत खाली जाते, ही धर्माबाद-बिलोलीकडच्या शेतकऱ्यांची तक्रार मला रास्त वाटते. पोपमहाराजांनी सत्याच्या जोडीला न्यायही ठेवला आहे. पण तारखा बदलून हव्या असतील तर ते मागण्याची जागा तरी आज आहे, आणि दोन्ही राज्यांपुढे आकडे तेच आहेत.