पेटीतली अर्धी विणकामे



वर्षावासाच्या शेवटच्या आठवड्यात विहारात महिला मंडळ बसले होते. ग्रंथवाचन आटोपले, थंडीच्या गोष्टी निघाल्या, थंडीवरून स्वेटर निघाला, आणि एक ताई हसत म्हणाली, "माझ्याकडे सात कामं सुरू आहेत, संपलेलं एकही नाही." कोणाचा विश्वास बसेना. पुढच्या रविवारी ती पिशवीच घेऊन आली.

पिशवीतून पहिला निघाला गुलाबी स्वेटर. एक बाही राहिलेली, आणि ज्या बाळासाठी तो घातला ते बाळ आता अंगणवाडीत जाते. मग धम्मध्वजाच्या रंगांचे क्रोशाचे तोरण, निळा, पिवळा, लाल, पांढरा झाला, पाचवा रंग बाकी. नवऱ्याच्या रात्रपाळीसाठी काळा मफलर, वीतभर. टीव्हीवर टाकायचा जाळीचा रुमाल. तो निम्मा होईपर्यंत डब्याचा टीव्ही जाऊन भिंतीवरचा आला. एक मोजा, जोडीतला दुसरा नाही. मोबाइलवर बघून सुरू केलेली पिशवी. आणि तळाला गुंडाळलेली अर्धी गोधडी.

आम्ही पोट धरून हसलो. घरी जाऊन आपापल्या पेट्या उघडल्या तेव्हा मात्र हसू थांबले. आमच्यापैकी एकीकडे चार निघाली, एकीकडे नऊ.

आरोग्याच्या पानावर विणकाम कशाला, असे कोणी विचारील. त्या पिशवीभोवती बसून ज्या गोष्टी निघाल्या त्या अशा होत्या: रात्री हाताला येणाऱ्या मुंग्या, सुईत दोरा ओवताना न दिसणारे नाके, पेटीतला डांबरगोळीचा वास, आणि "आपल्याला काहीच पुरं करता येत नाही" ही मनात बसलेली बोच. चारही गोष्टी आरोग्याच्याच आहेत. शेवटची बोच आधी घेतो, कारण ती सर्वांत जास्त वेळा बोलली गेली.

अर्धे काम म्हणजे आळस, हे आमच्या डोक्यात कोणी भरले कोण जाणे. सकाळी नळाला पाणी येते तेव्हा उठायचे, डबे करायचे, चार घरची धुणीभांडी किंवा कारखान्याची पाळी, संध्याकाळी मुलांचा अभ्यास. विणायला मिळतात ती मधली दहा-पंधरा मिनिटे. ती अशी तुटक मिळत असतील तर कामही तुटकच होणार. शिवाय बाळ वाढते, ऋतू पालटतो, लोकरीचा तोच रंग दुकानात मिळत नाही. यात विणणारीचा दोष किती?

आणि हा छंद आपल्या हाताला सहज मिळालेला नाही, हेही लक्षात असावे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणखात्यात घेत नसत. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही कसा तोंडाला लावायचा, हे सवर्ण कामगारांचे म्हणणे. जास्त मजुरीचे खाते म्हणून ते दार बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. ज्या सुताला हात लावायला मजुरी म्हणूनही मज्जाव होता, त्या सुताशी आज आपण हौस म्हणून खेळतो. त्या हौशीची लाज वाटून घ्यायचे कारण नाही.

तरीही बोच लागते, ती का? ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली बर्लिनमधले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना छोटी छोटी कामे दिली आणि त्यांतली निम्मी मध्येच थांबवली. नंतर विचारले तेव्हा पुरी झालेल्यांपेक्षा थांबवलेली कामे लोकांना जास्त आठवली. पुढे इतरांनी केलेल्या सगळ्याच प्रयोगांत तसे दिसले नाही, पण पेटीत पडलेली बाही रात्री अंथरुणावर आठवते, हे आम्हाला कोणी प्रयोग करून सांगायला नको. उपयोगाची गोष्ट त्यानंतरची आहे. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की काम पुरे न करताही, ते कधी आणि कसे करायचे एवढे नक्की ठरवले, की ते डोक्यात घोळणे कमी होते. म्हणजे बोच घालवायला सातही कामे संपवावी लागत नाहीत. प्रत्येकाचे काय करायचे ते ठरवावे लागते.

आम्ही ते असे ठरवले. प्रत्येक गाठोड्याला एक चिठ्ठी लावली. चिठ्ठीवर सुईचा नंबर, किती टाके, किती ओळी झाल्या, पुढची ओळ सुलट की उलट, आणि कोणासाठी. हे नसले की सहा महिन्यांनी काम हातात घेणारी पहिला तास फक्त मोजण्यात घालवते, वैतागते, आणि नवीन लोकर विकत आणते. (लोकर आणण्याचा आनंद वेगळा आणि विणण्याचा वेगळा. पहिला महाग पडतो.) चिठ्ठी लिहिताना "कोणासाठी" या रकान्यात ज्याला उत्तर नाही ते काम उसवायचे. टीव्हीचा रुमाल तसा उसवला. उसवताना ताईचा चेहरा पडला होता, पण अर्ध्या तासात तिच्या मांडीवर पांढऱ्या धाग्याचा मोठा गुंडा आला. उसवलेल्या धाग्याची लगेच गुंडी करू नये. खुर्चीच्या पाठीभोवती लड करावी, चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात बुडवावी आणि वाळत टाकताना खाली थोडे वजन लटकवावे. वेटोळी बऱ्यापैकी सुटतात.

आता हात. ज्या हाताने आपण विणतो तोच हात दिवसभर पोछा पिळतो, कपडे आपटतो, पोळ्या लाटतो, बाळ उचलतो. त्यावर रात्री दोन तास बारीक सुईचे काम म्हणजे ओव्हरटाइम. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येत असेल, अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवल्यावर ती जोरात उठत असेल, तर तिथल्या स्नायूंच्या दोऱ्यांना सूज असू शकते. तान्ह्या बाळांच्या आयांना हे बरेचदा होते. दुसरा प्रकार म्हणजे अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होणे, रात्री मुंग्यांनी जाग येणे, हात झटकल्यावर बरे वाटणे. इथे मनगटातून जाणारी नस दाबली जाते. गरोदरपणात, मधुमेहात, थायरॉईडच्या आजारात हे जास्त दिसते. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा लावल्याने पुष्कळ जणींना आराम पडतो. पण हातातून वस्तू पडू लागल्या, बधिरपणा दिवसभर राहू लागला, किंवा अंगठ्याखालची मांसल गादी खोलगट दिसू लागली, तर घरगुती मालिशवर थांबू नका. नस फार दिवस दाबलेली राहिली तर ताकद पूर्ण परत येत नाही.

एकाच वेळी अनेक कामे चालू असणे इथे कामाला येते, हे आम्हाला पूर्वी सुचले नव्हते. सगळे बारीक सुईचे असेल तर हाताला तोच तो ताण. म्हणून एक काम जाड सुईचे, एक बारीक, एक गोधडीसारखे पूर्ण हात हलवणारे, असे आलटून पालटून घ्यावे. वीस-पंचवीस मिनिटांनी सुया खाली ठेवून मुठी उघडाव्यात, खांदे फिरवावेत. कोपराखाली उशी घ्यावी आणि पाठ भिंतीला टेकवावी. धागा बोटाला करकचून गुंडाळायची सवय बहुतेकींना असते. वीण थोडी सैल आली तर स्वेटर बिघडत नाही.

डोळ्यांसाठीही हीच वाटणी. काळा मफलर रात्री घेऊन बसणे म्हणजे डोळ्यांशी भांडण. काळ्या लोकरीतला टाका दिव्याच्या उजेडात दिसत नाही, मान आपोआप खाली जाते, आणि मग डोके दुखते. काळे, गडद निळे काम दिवसा दारातल्या उजेडात करावे, फिके रात्री. चाळिशीनंतर जवळचे धूसर दिसणे सर्वांना होते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. चष्मा मात्र तपासून घ्यावा. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा डोळ्याचा पडदाही तपासून घ्यावा, नजर चांगली वाटत असली तरी.

पेटीचा भाग सर्वांत महत्त्वाचा, म्हणून तिथे थोडे थांबतो. त्या गुलाबी स्वेटरबरोबर ताईने डांबरगोळ्या ठेवल्या होत्या, आपण सगळ्याच ठेवतो. ताईच्या जावेला दिवस गेलेले, तेव्हा बाही पुरी करून स्वेटर तिच्या बाळाला द्यायचे ठरत होते. इथे आम्ही तिला थांबवले. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे एक विकर जन्मतःच कमी असते. मुलग्यांत ते जास्त आढळते. बाहेरून बाळ ठणठणीत दिसते, घरात कोणाला ठाऊकही नसते. अशा बाळाला डांबरगोळीचा वास असलेले कपडे घातले, त्या वासाच्या दुपट्यात गुंडाळले, तर त्यातले नॅप्थलीन श्वासातून आणि कातडीतून आत जाते आणि तांबड्या रक्तपेशी भराभर फुटतात. कावीळ इतकी चढू शकते की मेंदूला इजा होते, जीवही जातो.

म्हणून बाळाच्या कपड्यांत आणि बाळासाठी ठेवलेल्या लोकरीत डांबरगोळी टाकूच नये. धुऊन पूर्ण वाळवलेले कपडे घट्ट बांधलेल्या प्लास्टिक पिशवीत ठेवावेत आणि महिन्या-दोन महिन्यांनी उन्हात झटकावेत. कसर लागते ती बहुधा मळक्या आणि दमट लोकरीला. पूर्वी गोळ्यांत राहिलेला कपडा बाळाला न देता मोठ्या माणसाकडे वळवणे सर्वांत बरे. बाळाचे डोळे किंवा कातडी पिवळी दिसली, लघवी चहासारखी गडद झाली, बाळ दूध पिईना, मलूल पडले, तर कोवळ्या उन्हात धरून वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि कपड्यांत गोळ्या होत्या हे डॉक्टरांना सांगा. रांगणारे मूल पांढरी गोळी साखरेची समजून तोंडात घालते, तोही धोका आहेच.

बाळाच्या वस्तूंबद्दल आणखी दोन गोष्टी. घाईत पुरे केलेल्या मोज्यांच्या आणि हातमोज्यांच्या आत सुटे धागे राहतात. तो धागा बाळाच्या बोटाला फास घालतो, बोट सुजते, रक्त अडते. मोजा घालण्यापूर्वी उलटा करून धागे कापा. बाळ कशानेही गप्प राहत नसेल तर मोजे काढून बोटे बघा. दुसरी गोष्ट, बाजारातली स्वस्त "लोकर" बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा: खऱ्या लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. हाच वितळलेला मणी पेटलेल्या कपड्यात कातडीला चिकटतो. एका खोलीच्या घरात स्टोव्ह किंवा गॅसपुढे बसताना लोंबणारा मफलर, सैल बाह्यांचा स्वेटर काढून ठेवावा. आणि अर्ध्या कामात अडकवलेल्या सुयांच्या टोकांना जुन्या चपलेच्या रबराचे तुकडे टोचून ठेवावेत. टाके सुटत नाहीत आणि मुलांच्या डोळ्यांना धोका राहत नाही.

एक बारीक फरकही ओळखावा. आज कंटाळा आला म्हणून काम बाजूला ठेवणे वेगळे. पण ज्या बाईला विणायचा नाद होता तिने दोन आठवड्यांहून अधिक काळ कशालाच हात लावला नाही, कशातच मन लागत नाही, झोप आणि भूक गेली, जगणे नको वाटते, तर तो कंटाळा नव्हे, आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येते.

राहिली ताईची पिशवी. वर्षावासानंतरच्या महिन्यात कठीण चीवरदान असते. कठीण म्हणजे मुळात कापड ताणून शिवायची चौकट. विनयाप्रमाणे दान मिळालेले कापड भिक्खूंनी मिळून त्याच दिवशी कापायचे, शिवायचे, रंगवायचे, उद्यावर ठेवायचे नाही. एकट्याने ते होत नाही, म्हणून सगळे हात लावतात. हे आठवून आम्ही एक दुपार ठरवली. प्रत्येकीने आपले एकच काम आणायचे, तेही थोडके राहिलेले, आणि शेजारणीचे हातात घ्यायचे. आपले काम दुसरीच्या हातात बघणे जड जाते, कारण तिची वीण वेगळी येते. मफलरच्या दोन टोकांची वीण दोन तऱ्हेची झाली आहे, रात्रपाळीला ते कोणी बघत नाही.

त्या दुपारी मफलर आणि मोजा झाला. तोरणाच्या पाचव्या रंगाची लोकर मावशींच्या पेटीत पाच वर्षे पडून होती, ती तोरणात गेली. गुलाबी स्वेटर उसवला. त्याचा धागा तीनदा धुतला तरी वास जाईना, म्हणून त्याची आजीसाठी शाल सुरू केली आहे. मोबाइलवाल्या पिशवीला चिठ्ठी लागली आहे. गोधडी तशीच आहे, तिच्या चिठ्ठीवर "थंडी सुरू झाली की, दुपारी, दोघींनी" असे लिहिले आहे. ताईकडे आता तीन कामे सुरू आहेत. चौथे सुरू करण्यासाठी तिने परवा सुई मागितली, आम्ही दिली.