काडतुसाचा डबा घेण्याआधी

विल्मर, मिनेसोटा
सप्टेंबरअखेर

चि. ओंकार यास,


परवा तू दुकानातूनच फोन केलास. "आत्या, काडतुसांची आख्खी भिंत आहे इथे. फेझंटसाठी कुठला डबा उचलू?" उत्तर एका ओळीचं आहे: माझ्या बारा बोअरच्या बंदुकीसाठी तीन इंची काडतूस, स्टीलचा छर्रा, तीन नंबर. पण तेवढंच सांगितलं असतं तर तू डबा उचलून मोकळा झाला असतास. त्यामागचं कारण तुझ्या मनात पक्कं बसावं, म्हणून हे पत्र.

आधी कायद्याचं. तू एच-वन-बी व्हिसावर आहेस. या देशाच्या कायद्याने स्थलांतरित नसलेल्या व्हिसाधारकाला बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ बाळगता येत नाही. ज्या मोजक्या सवलती आहेत त्यांत शिकारीचा वैध परवाना ही एक. म्हणजे क्रम असा: आधी बंदूक-सुरक्षेचा वर्ग, कारण ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्याला मिनेसोटात त्या प्रमाणपत्राशिवाय परवाना मिळत नाही, मग लहान प्राण्यांच्या शिकारीचा परवाना आणि त्यावर फेझंटचा स्टॅम्प, आणि हे सगळं खिशात आल्यावर काडतुसं. तोवर डब्याला हात लावू नकोस. परदेशात आपलं बस्तान एका कागदावर उभं असतं, तो कागद हौसेपायी पणाला लावायचा नाही.

आता एक प्रसंग सांगते. शिकारीला लागून मला दुसरं वर्ष होतं. डिसेंबरचा पहिला आठवडा, तळ्याकाठचं पाणकणीस माणसाच्या डोक्याहून उंच आणि बर्फाने वाकलेलं. फेझंटचा एक नर खूप पुढून उठला, पन्नास पावलांच्या पलीकडे, आणि सरळ माझ्यापासून दूर जायला लागला. माझ्या बंदुकीत साडेसात नंबरचे बारीक छर्रे होते, मातीच्या तबकड्या फोडून उरलेले. मी बार काढला. पिसं उडाली. पक्षी तिरका खाली आला, पाय जमिनीला लागताच धावत सुटला आणि पाणकणसात शिरला. तांबू कुत्री पाऊण तास हुंगत फिरली, तिच्या पंजांना बर्फाने चिरा पडल्या, पण तो सापडला नाही. त्या रात्री थर्मामीटर शून्याच्या बराच खाली होता. अंगात छर्रे घेऊन तो पक्षी कुठेतरी बसला असेल, हे मला अजून आठवतं. त्या दिवशी चूक दोन ठिकाणी झाली: छर्रा चुकीचा होता आणि अंतर चुकीचं होतं. यातली पहिली चूक दुकानात सुधारता येते. दुसरी फक्त शिकाऱ्याने स्वतः सुधारायची.

कुत्र्यापुढून उठलेला फेझंट बहुतेक वेळा पाठ दाखवून जातो. छाती समोर येत नाही. छर्ऱ्याला काळजा-फुप्फुसापर्यंत पोचायचं तर आधी दाट पिसं, मग कंबरेचं हाड, मग खड्यांनी भरलेली पेषणी, एवढं ओलांडावं लागतं. किलो-सव्वा किलोचा हा पक्षी आहे. म्हणून छर्रे नुसते पुष्कळ असून भागत नाही. प्रत्येक छर्ऱ्यात आत शिरायचा जोर हवा. आणि नुसता जोर असूनही भागत नाही; छर्रे इतके विरळ नकोत की पक्षी मधूनच निसटेल. सगळी निवड म्हणजे या दोन गोष्टींचा मेळ.

नंबर कसा वाचायचा ते सांगते. नंबर जितका मोठा, छर्रा तितका बारीक. सतरामधून नंबर वजा कर, उरेल तो छर्ऱ्याचा व्यास, इंचाच्या शंभराव्या भागांत. तीन नंबर म्हणजे ०.१४ इंच, पाच म्हणजे ०.१२. इथले जुने शिकारी शिशाचा पाच नंबर वापरत आणि तो फेझंटला उत्तम होता. पण शिसं स्टीलपेक्षा बरंच जड: घनता ११.३, स्टीलची ७.८. पाच नंबरचा शिशाचा एक छर्रा साधारण ०.१७ ग्रॅम भरतो, त्याच आकाराचा स्टीलचा जेमतेम ०.१२. तो हवेत लवकर दमतो. म्हणून शिशाकडून स्टीलकडे येताना दोन नंबर जाड घ्यायचा, असा इथला ठोकताळा आहे. स्टीलचा तीन नंबर ०.१८ ग्रॅमचा, म्हणजे हिशेब जमला. ऑक्टोबरात पक्षी जवळून उठतात तेव्हा तीन नंबर पुरेसा. डिसेंबरात ते बिथरलेले असतात, लांबून उठतात, पिसंही दाट झालेली असतात. तेव्हा दोन नंबर घे.

शिसं अजून दुकानात मिळतं आणि स्वस्त मिळतं, मग स्टीलचा आग्रह का? एक कारण कायद्याचं. आपल्या भागात पाणपक्ष्यांसाठी राखलेली केंद्र सरकारची कितीतरी गवताळ कुरणं आहेत, तिथे फेझंटच्या मागे गेलास तरी शिशाचं काडतूस चालत नाही. जवळ बाळगलंस तरी गुन्हा. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक बाराचे शे-दोनशे छर्रे शेवटी जमिनीवर पडतात. पक्षी दाणे दळायला खडे गिळतात, तसा हा छर्राही गिळतात. पेषणीत तो झिजतो, रक्तात उतरतो, आणि तो पक्षी हळूहळू खंगून मरतो. अशा पक्ष्याला खाणाऱ्या गरुडालाही तेच भोगावं लागतं. बदकांच्या शिकारीत १९९१ पासून देशभर शिसं बंद झालं ते याच कारणाने. जिथे कायदा शिसं चालवून घेतो तिथेही मी ते नेत नाही. तूही नेऊ नकोस. म्हणजे कुठल्या कुंपणापाशी कोणता नियम लागू होतो, हा घोळही उरत नाही.

आता डब्यावरची बाकीची अक्षरं. 'मॅग्नम', 'सुपर', अमुक फूट वेग, हे सगळं मोठ्या टाईपात असतं. स्टीलला थोडा वेग हवाच. पण गोल छर्रा जास्तीचा वेग हवेत झपाट्याने गमावतो; चाळीस यार्डांवर त्यातलं थोडंच उरतं, तुझ्या खांद्याला बसलेला दणका मात्र पूर्ण उरतो. दणक्याच्या धास्तीने डोळे मिटणाऱ्याचा नेम कोणतंही काडतूस सुधारत नाही. सव्वा औंसाचा भरणा तुला पुष्कळ झाला. साधारण दोनशे छर्रे असतात त्यात.

लांबी नीट बघ. माझ्या बंदुकीच्या नळीवर 'तीन इंच' कोरलंय, म्हणून पावणेतीन आणि तीन दोन्ही चालतात. कुणाची पावणेतीनची बंदूक हातात आली तर तीन इंची काडतूस तिच्यात घालू नकोस. ते आत जाईल, आणि धोका नेमका तिथेच आहे: डब्यावर लिहितात ती उडाल्यानंतरची लांबी. तोंड उलगडायला जागा नसली की दाब भलताच वाढतो. आपल्या आबांची दुनळी तुला आठवत असेल. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकार थांबली आणि ती भिंतीवरच राहिली. तशा जुन्या, पातळ नळीच्या बंदुका इथेही पुष्कळ घरांत आहेत. त्या शिशासाठी घडवलेल्या. त्यांतून स्टील सोडायचं नाही. तिथे बिस्मथचं काडतूस, तेही जाणत्या बंदूकदुरुस्ताला दाखवून. महाग पडतं, पण नळी फुटण्यापेक्षा स्वस्तच.

आणि हे तर मी ओरडून सांगेन: वीस बोअरचं पिवळं काडतूस आपल्या जाकिटात कधीही येता कामा नये. ते बारा बोअरच्या नळीत पुढे घसरून अडकतं. नळी रिकामी दिसते, माणूस मागून बाराचं भरतो, चाप ओढतो, आणि नळी हाताशी फुटते. त्यांचा रंग पिवळा ठेवलाय तो याच भीतीपोटी. दुसऱ्याचं जाकीट घातलंस तर आधी सगळे खिसे उलटे कर.

डबा आणलास म्हणून निवड संपली नाही. ती कागदावर संपते. नळीच्या तोंडाशी आतून जी आवळण असते तिला चोक म्हणतात. स्टीलचे छर्रे शिशापेक्षा मुळातच घट्ट झुबक्यात जातात, म्हणून सैल चोक लाव, 'इम्प्रूव्ड सिलिंडर'. 'फुल' नको. चाळीस यार्डांवर मोठा कागद ताण, एक बार काढ, आणि दाट भागाभोवती तीस इंच व्यासाचं वर्तुळ आख. मग भोकं मोज. निम्म्याहून अधिक छर्रे आत हवेत, पण आकड्यापेक्षा रिकाम्या जागा बघ. मधे भाकरीएवढी जागा कोरी राहिली असेल तर तिथून फेझंट सुखरूप किंवा, त्याहून वाईट, अर्धवट जखमी होऊन निघून जाईल. मग दुसरा चोक लाव, नाहीतर दुसरा डबा आण. त्याच नंबरची दोन कंपन्यांची काडतुसं एकाच बंदुकीतून वेगळी वागतात; हे दुकानदार सांगू शकत नाही, कागदच सांगतो. तीस यार्डांवरही हेच कर. ज्या अंतरापर्यंत कागद भरतो आणि तुझा नेम टिकतो, तेवढंच तुझं अंतर. माझं पस्तीस यार्ड आहे, इतक्या वर्षांनंतरही. त्यापलीकडे उठलेल्या नराला मी नुसतं बघते.

रानात तीन गोष्टी. मादी मारायची नाही. सूर्य डोळ्यांवर असेल तर नरही काळाच दिसतो, गळ्याचा पांढरा पट्टा नक्की दिसला नाही तर बोट चापाबाहेर. हाकाऱ्यात मक्याच्या पलीकडच्या टोकाला आपलीच माणसं उभी असतात, म्हणून पक्ष्याच्या खाली आकाश दिसल्याशिवाय बार नाही. आणि पडलेला पक्षी हाती येईपर्यंत दुसऱ्याकडे बघायचं नाही.

घरी आल्यावर पक्षी स्वतः साफ कर. मी ओट्यावर वर्तमानपत्र अंथरते आणि प्रत्येक छर्रा बोटाने शोधते. छर्रा आत जाताना पिसाचा पुंजका ओढून नेतो, तो चिमट्याने धरला की छर्रा मागोमाग येतो. स्टील दातांखाली आलं तर दात जातो, म्हणून हे काम घाईचं नाही. पण खरा उपयोग वेगळाच. पक्षी आडवा जात असताना सगळी भोकं मागच्या बाजूला पडली असतील तर तू पक्ष्याच्या मागे नेम धरलास. छर्रे कातडीखालीच थांबले असतील तर अंतर जास्त होतं. जाणत्या गुरूनेही सांगितलं नसतं ते हा पक्षी सांगतो. मग कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा करू, मंद आचेवर, कारण रानातला नर चिवट असतो.

डब्याची किंमत बघून कुरकुरलास, म्हणून एवढंच: १९३७ च्या कायद्याने काडतुसांवर अकरा टक्के कर आहे आणि तो वन्यजीवांच्या संवर्धनाला जातो. तू ज्या गवतात चालणार आहेस, ते टिकायला त्यातला वाटा लागतो.

परवाना हाती आला की पुढच्या रविवारी ये. येताना जाड कागदाची गुंडाळी आणि काळा मार्कर आण. वर्तुळं आखायला मी दोरी आणि खिळा काढून ठेवलाय. हंगाम संपल्यावर किती नर मिळाले हे मी तुला विचारणार नाही. जखमी होऊन किती सुटले, एवढंच विचारीन. त्याचं उत्तर 'एकही नाही' असं आलं, तर डबा बरोबर निवडला होतास असं मी समजेन.

तुझी,
आत्या