पाण्यावरची पी. पी. फिल्म : यंत्राआधी पाणी तपासा

तयार कपडे ज्या काचेसारख्या स्वच्छ पिशवीत मिळतात, ती पुष्कळदा पी. पी. म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची असते. हा धंदा सुरू करू पाहणारे आमचे अनेक बांधव यंत्राची किंमत विचारतात, दाण्याचा भाव विचारतात. पाण्याविषयी मात्र कोणी विचारत नाही. वास्तविक या यंत्राचा अर्धा जीव पाण्यात आहे. म्हणून आज त्याचीच माहिती देत आहोत.

एल. डी.च्या नेहमीच्या यंत्रात फुगा डायमधून वर जातो आणि हवेने थंड होतो. पी. पी.ला ही रीत मानवत नाही. वितळलेला पी. पी. पातळ व कमजोर असतो, वर नेताना त्याचा फुगा सावरत नाही. शिवाय तो सावकाश थंड झाला की आत मोठे स्फटिक तयार होतात, प्रकाश विखुरतो व फिल्म दुधाळ दिसते. म्हणून फुगा खाली सोडतात आणि वाटेत पाण्याच्या रिंगमधून नेतात. पाण्याचा पातळ थर फुग्याला सर्व बाजूंनी लागतो, फिल्म झटक्यात गोठते, मोठे स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. चकाकी येते ती यामुळे. चांगला दाणा असूनही पाणी गरम असेल तर फिल्म धुरकट निघेल.

यंत्र घेताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पाणी थंड ठेवण्याची सोय. तेच पाणी टाकी, पंप व चिलरमधून फिरते. मे महिन्यात टाकीतले पाणी तापते. चिलरचा व विजेचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

दुसरी, पाण्याचा जडपणा. बोअरच्या जड पाण्याने रिंगमध्ये क्षार साचतात, धार एकसारखी पडत नाही व फिल्मवर रेघा उमटतात. गाळणी लावावी, रिंग वेळोवेळी साफ करावी.

तिसरी, रिंगचे माप. फुग्याची रुंदी रिंगवर ठरते. गिऱ्हाइकाला चार मापांच्या पिशव्या हव्या असतील तर रिंगाही तितक्या लागतील. हा खर्च विक्रेता बहुधा शेवटी सांगतो.

कायद्याचेही भान ठेवावे. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आहे. मालाच्या आवरणाचे नियम वेगळे आहेत. पैसे गुंतवण्यापूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी करून संमती घ्यावी.

आता वजनाची गोष्ट. २५ सेंटिमीटर रुंद, ५० मायक्रॉन म्हणजे सुमारे २०० गेज जाडीच्या नळीचा एक मीटर तुकडा पावणेतेवीस ग्रॅम भरला पाहिजे. हिशेब असा : दोन पदर × २५ × १०० × ०.००५ × घनता ०.९१. घेणाऱ्याने व विकणाऱ्याने, दोघांनीही तुकडा कापून काट्यावर ठेवावा.

फिल्म रोलवर गुंडाळण्यापूर्वी पूर्ण वाळली पाहिजे. ओली राहिली तर छपाई धरत नाही आणि किलोच्या भावात गिऱ्हाइकाला पाणी विकले जाते. दुधात पाणी घालणाऱ्यात व आपल्यात मग फरक काय? माप-तोलात कमी करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा आहे. वाळवण्याचा ब्लोअर बंद ठेवून वाचवलेल्या विजेत बरकत नाही. कोरडा रोल आणि खरा काटा यांवर गिऱ्हाईक टिकेल, इन्शाअल्लाह.