लक्षणांपूर्वीचा अल्झायमर : संचयावस्थेचे निदान आणि आपले कर्तव्य

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या २१व्या अध्यायात षट्क्रियाकाल सांगितले आहेत. संचय, प्रकोप, प्रसर या अवस्था उलटल्यावर स्थानसंश्रयात पूर्वरूपे दिसतात आणि त्यानंतर व्याधी व्यक्त होतो. अल्झायमरविषयीच्या आधुनिक संशोधनातही असाच क्रम दिसत असल्याने हा विषय आम्ही अभ्यासासाठी घेतला आहे. (अमायलॉइड म्हणजेच आम, हे समीकरण मात्र आम्हांस मान्य नाही. क्रमाचे साम्य म्हणजे द्रव्याचे ऐक्य नव्हे.)

या व्याधीत अमायलॉइड हे प्रथिन मेंदूत पेशींबाहेर साचते आणि टाऊ प्रथिनाचे गुंते पेशींच्या आत होतात. विस्मृती प्रकट होण्यापूर्वी १५ ते २० वर्षे हा संचय चालू असतो. कोलंबियातील अँटिओक्विया प्रांतात याचा ठळक पुरावा मिळाला. तेथील काही विस्तृत कुटुंबांत प्रिसेनिलिन-१ या जनुकातील दोष पिढ्यानपिढ्या उतरत आला असून, दोषवाहकांस सुमारे ४४व्या वर्षी सौम्य स्मृतिदौर्बल्य व ४९व्या वर्षी पूर्ण स्मृतिभ्रंश होतो. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी या कुटुंबांचा अनेक दशके अभ्यास केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पेट स्कॅनच्या निष्कर्षांनुसार त्यांच्यातील संचय वयाच्या २८व्या वर्षाच्या सुमारासच वाढू लागतो.

पूर्वी हा संचय जाणण्यास पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातून काढलेले पाणी लागे. आता रक्तातील पी-टाऊ २१७ मोजून त्याचा अंदाज बांधता येतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा एका रक्तचाचणीस प्रथमच परवानगी दिली; परंतु ती ५५ वर्षे व त्यावरील, लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी आहे. संचय असूनही अखेरपर्यंत बुद्धी शाबूत राहिलेले वृद्ध पुष्कळ आढळतात. लेकानेमॅब व डोनानेमॅब ही औषधेही सौम्य लक्षणे सुरू झालेल्यांसाठीच मान्य आहेत. ती ऱ्हास मंदावतात, थांबवीत नाहीत, आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचे भय असतेच. म्हणून वडिलांच्या विस्मृतीने धास्तावलेला पन्नाशीचा निरोगी मुलगा ही चाचणी मागू लागल्यास ती सुचवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी त्याचा रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, श्रवणशक्ती, दृष्टी, व्यायाम व व्यसने यांकडे पाहावे. लॅन्सेट आयोगाच्या २०२४च्या अहवालात अशी १४ कारणे दिली असून, ती दूर झाल्यास स्मृतिभ्रंशाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा व्याधी लांबेल, असे म्हटले आहे.

विस्मृतीची तक्रार रुग्णापेक्षा घरची मंडळी अधिक करीत असतील, तर ती गंभीर मानावी. बी-१२ व थायरॉइड तपासावे, विषाद आहे का ते पाहावे आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. शाकाहारी कुटुंबांत बी-१२ची न्यूनता वारंवार आढळते आणि ती वेळीच भरून निघू शकते.

चरकोक्त मेध्य रसायनांविषयी आम्हांस आदर आहे. तथापि त्यांनी अमायलॉइडचा संचय रोखला जातो असे मानवांत सिद्ध झालेले नाही, तेव्हा तशी जाहिरात दुकानात लावू नये. यष्टिमधु दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो, हेही ध्यानी असावे. औषधविक्रेत्यांस आणखी एक विनंती. नेहमीचे वृद्ध ग्राहक झोपेच्या गोळ्या किंवा क्लोरफेनिरामिनयुक्त सर्दीची औषधे वरचेवर नेत असतील, अथवा तेच औषध त्याच आठवड्यात पुन्हा मागत असतील, तर घरच्यांशी एकांतात बोलावे.